गॅसकाकांच्या ड्रमचं पोट

नोकरीतून निवृत्त झाल्यावर गॅसकाकांनी गच्चीवर ड्रम बसवला आणि घरातली शांतता संपली. ड्रममध्ये ओला कचरा घालायचा, तो कुजून गॅस झाला की झाकण वर उचललं जातं आणि नळीतून गॅस थेट शेगडीत! झाकण बोटभर वर आलं तरी काका अख्ख्या बिल्डिंगला हाका मारून दाखवत. नातू झाला तेव्हाही त्यांनी एवढा गवगवा केला नव्हता.

अडचण एकच होती. काकू भलत्याच काटकसरी. सालं, देठं, काल उरलेलं, सगळं त्या पुन्हा पातेल्यात ढकलत. ड्रमच्या वाट्याला यायचा तो चहाचा चोथा, तोही शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. झाकण आपलं तळाशी बसून.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं.

"रविवारी माझी बहीण जेवायला येतेय. सगळा स्वयंपाक तुमच्या गॅसवर झाला तर ड्रम राहील. नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येईल."

ऑफिस सुटल्यापासून काकांची वाट बघणारा तो ड्रमच काय तो उरला होता.

रविवारी काकूंनी शेगडी पेटवली आणि निळी ज्योत भसकन उसळली. "मानलं बाई तुम्हाला!" म्हणत त्यांनी भाजीची टोपली ओढली, तर ती रिकामी. फ्रीज उघडला, तोही रिकामा. मळून ठेवलेली कणीकसुद्धा गायब.

"अहो, भाजी कुठाय?"

"तीच तर जळतेय," काका हळूच म्हणाले.

डब्यात तांदूळ तेवढे होते. वाफाळता भात आणि मीठ पाहून बहिणीने काळजीने विचारलं, "ताई, कुणाचं पथ्य चाललंय का गं?"

संध्याकाळी भंगारवाला आला. काकूंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं; स्वयंपाक गॅसवर झाला होता, शब्द म्हणजे शब्द. मग मात्र त्यांचा बांध फुटला.

"रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्या ड्रमला 'पोट भरलं का रे' म्हणता, मी ऐकते! लग्न झाल्यापासून मला कधी विचारलंत?"

काका खजील झाले. खरोखर वाईट वाटलं त्यांना. जवळ जाऊन त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "जेवलीस का गं?"

"काय जेवू?" काकू कडाडल्या. "ठेवलंय काय घरात?"