शोभाचा बिनदुधाचा चहा

शनिवारी प्राचीच्या लॅबमध्ये गेलो होतो. प्राची माझी मुलगी, इथेच कोल्हापुरात संशोधन करते. त्या दिवशी घरच्यांना लॅब पाहायला बोलावलं होतं... शोभा गेल्यापासून सात महिन्यांत मी असा पहिल्यांदाच बाहेर पडलो.

शोभा माझी पत्नी. शुगरमुळे तिच्या पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही. अशा जखमांवर लावायची त्वचा प्रिंटरवर तयार करायची, हेच प्राचीचं काम. सुरुवातीला तिने घरी सांगितलं होतं की हे समुद्री शेवाळापासून होतं. आम्ही जैन, आणि शोभा नियमांची फार पक्की. "माझी लेक शेवाळापासून कातडी करते," असं ती बस्तीत दर्शनाला येणाऱ्या सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

टेबलावर प्रिंटर होता, पण शाईऐवजी सिरिंज. पावडर कोमट पाण्यात विरघळवून दाटसर मिश्रण करतात. एरवी त्यात जिवंत पेशी घालतात, त्या दिवशी नव्हत्या. सुईतून बारीक धागा पडत होता, थरावर थर... मिश्रण गार झालं तर सुईत अडकतं, गरम झालं तर पसरतं. प्राचीची नजर तापमानावरून हलत नव्हती.

शेजारी हुपरीचे एक चांदी कारागीर उभे होते, कुणाचे तरी मामा. बराच वेळ बघून मला म्हणाले, "जिलबीच की ही, पावणं. पाक तेवढा ऱ्हायला."

"पाक बी हाय की मामा," म्हणत प्राचीने वरून कॅल्शियमचं पाणी सोडलं. त्याने तो मऊ आकार घट्ट होतो. सगळे हसले, मीही हसलो.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं कच्चा माल तपासला. डबा दिसला की आधी लेबल वाचायचं, ही सवय अजून गेलेली नाही. तिथे दोन डबे होते. एकावर अल्जिनेट, म्हणजे ते शेवाळ. दुसऱ्यावर जिलेटिन, आणि खाली बारीक अक्षरात ते कशापासून काढलंय ते. तो इंग्रजी शब्द मला माहीत नव्हता. मोबाईलवर पाहिला... डुकराची कातडी.

पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. शोभाला हे माहीत होतं का? की पोरीने आईला फसवलं, आणि ती तशीच गेली? आता विचारणार तरी कुणाला... प्राचीला विचारायची भीती वाटत होती. ती "नाही" म्हणाली असती तर?

पार्किंगमध्ये ती गाडी काढत होती, तेव्हा शेवटी विचारलं. "त्या जिलेटिनचं आईला माहीत होतं?"

तिने किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"होतं की अण्णा. आधी मलाच सांगायचं धाडस नव्हतं, पण नंतर सांगितलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग म्हणाली, काम सोडू नको, कुणाचा तरी पाय वाचंल. ह्यातला दोष माझ्याकडं, प्रायश्चित्त बी मीच घेते. तुझं काम चालू हाय तोवर मी दूध घेणार न्हाई." मग म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणाली. अण्णा जेवणावरनं उठतील म्हणे."

दूध...

शेवटचं दीड वर्ष शोभा बिनदुधाचा चहा प्यायची. पित्त होतंय म्हणायची. मी गोळ्या आणायचो, डॉक्टर बदलू म्हणायचो. एकदा तर चिडून तिच्या कपात मीच दूध ओतलं. तिने तो कप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःसाठी दुसरा चहा केला.

"अण्णा, सोडू का हे काम?" प्राचीने विचारलं. गाडी चालू कर, एवढंच म्हणालो.

सदतीस वर्षं जिच्या हातचा चहा प्यालो, ती मला नीट कळलीच नव्हती, एवढंच रस्ताभर डोक्यात फिरत होतं. आणि जाताजाता तिने पोरीला सांभाळलं, याबद्दल आभारही आता कुणाचे मानायचे...

घरी आल्यावर चहा मी केला. प्राचीच्या कपात दूध घातलं, माझ्या कपात नाही. सोमवारी लॅबला किती वाजता जायचंय, ते विचारलं.

ती माझ्या कपाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पित्त होतंय का अण्णा?"

मी हो म्हणालो.