जबडा नंबर एकोणीस

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा धातूवर नावं कोरतो. पेल्यांवर, पेनांवर, थर्मासवर, म्हणजे जे काही गोल आणि गडगडणारं असेल त्यावर. सपाट वस्तूंबद्दल दाजींना तिटकारा आहे. "सपाटावर कोणीही कोरेल, मेहुणे. गोलावर कोरणं म्हणजे पळत्या माणसाची दाढी करणं." त्या पळत्यांपैकी किती जणांचे गाल कापले गेले, हे ते सांगत नाहीत.

गोल वस्तू कोरताना फिरू नये म्हणून तिला आवळून धरणारं काहीतरी लागतं. ते बाजारात तयार मिळतं. चांगलं बिडाचं, जन्मभर टिकणारं. ताईने एकदा वाढदिवसाला आणूनही दिलं. ते आता दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी पडून असतं. दाजी आपली पकड स्वतः बनवतात. तिला ते जबडा म्हणतात आणि प्रत्येक जबड्याला नंबर देतात. चार नंबरमध्ये दाराची बिजागरी आणि ताईचं उभं चिरलेलं लाटणं आहे. नऊ नंबर सायकलच्या ब्रेकचा. बारा नंबर कपड्यांच्या चिमट्यांचा होता. त्यातून सुटलेला थर्मास समोरच्या शिंप्याच्या पायाशी जाऊन थांबला. हे सगळं फळीवर ओळीने मांडून ठेवलंय. एवढी ऐट मी कुठल्या भंगारवाल्याकडे पाहिलेली नाही, त्यालाही थोडी लाज असते.

गेल्या महिन्यात बासरी शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या. त्यांच्याकडे चांदीची जुनी बासरी होती. तिच्यावर त्यांच्या गुरूंचं नाव, त्याखाली बाईंचं. आता बाई शिकवणं थांबवणार होत्या आणि आपल्या विद्यार्थिनीचं नाव तिसरं घालून बासरी तिला देणार होत्या.

"पत्रा पातळ आहे," बाई म्हणाल्या. "जरा चेपली तरी सूर गेला. मग ती तिला देऊन उपयोग नाही."

"निर्धास्त राहा," दाजी म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला.

तीन दिवस खपून त्यांनी जबडा नंबर एकोणीस तयार केला. प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन अर्धे, आत सायकलच्या ट्यूबचं अस्तर आणि आवळायला चक्क पाण्याच्या नळाची चावी. चावी उलटी बसवली गेली होती. त्यामुळे नळ उघडायचा तशी फिरवली की जबडा आवळायचा आणि बंद करायचा तशी फिरवली की सुटायचा.

"हे सुलट करता येणार नाही?" मी विचारलं.

"लक्षात ठेवायचं, झालं. डोकं असतं त्याला जमतं."

बाई आल्या तेव्हा दाजींनी त्यांच्यासमोर आधी तांब्याच्या नळीवर प्रयोग केला. मान्य करायला जीव जातोय, पण अक्षरं देखणी आली. नळी केसभरही हलली नाही. मग जबडा उघडायला म्हणून दाजींनी चावी फिरवली, उघडायची तशीच, पन्नास वर्षं नळ उघडत आलेल्या हाताने. नळीचा कुरकुर आवाज झाला. सुटत नाही म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. शेवटी जबडा उघडला तेव्हा नळी चावलेल्या स्ट्रॉसारखी दिसत होती.

बाईंनी बासरी रुमालात गुंडाळायला घेतली. दाजी चपट्या नळीकडे बघत राहिले. टोमणा माझ्या ओठांवर होता, पण त्यांचा चेहरा पाहून मी तो गिळला. वाया गेला, चांगला होता.

ताई आतून हात पुसत आली. "बाई, एक मिनिट द्या त्यांना," म्हणून ती दाजींसमोर स्टुलावर बसली. मांडीवर घडी केलेला टॉवेल, त्यावर बासरी आणि बासरीभोवती तिचे दोन्ही हात. "कोरा," ती म्हणाली.

"तू हललीस तर?"

"अठ्ठावीस वर्षं तुमच्यासमोर बसलेय. हललेय कधी?"

बाईंनी मान डोलावली. दाजींनी कोरणी उचलली. वीस मिनिटं कोरणी चालली. ताई अक्षरागणिक बासरी किंचित वळवत होती, त्यांनी न सांगता. तिसरं नाव वरच्या दोन्हींखाली असं बसलं की जणू जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती. बाईंनी बासरी तिथेच वाजवून पाहिली. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

म्हटलं, आता तरी माणूस शहाणा होईल. पुढच्या आठवड्यात गेलो तर ताई खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये.

मी हादरलो. "ताई, पडलीस कुठे?"

"पडत्येय कशाला? साचा घेतायत माझ्या हातांचा. वीस नंबर."

"मेहुणे, तिला बोलायला लावू नका, हात हलतात," आतून दाजींचा आवाज आला. "पाऊण तास राहिलाय."

"आलाच आहेस तर," ताई म्हणाली, "जरा माझं नाक खाजव."