वार्निशाचा दिवस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या बसमध्ये बसले होते. दवाखान्यात त्यालाच भेटायला निघाले होते. "वन्सं, सावकाश या. आता घाई न्हाय..." एवढंच वहिनी म्हणाली. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली तेव्हा अण्णानं मला चिडवलं होतं, "आता न यायला तुला काय कारण उरलं न्हाय बघ." खरंच उरलं नव्हतं. गेली दोन वर्षं निपाणी ते बेळगावात खासबागेतलं अण्णाचं घर अशा खेपा चालल्या होत्या. डबे, औषधं, तपासण्या, दवाखान्यातले बाक. कंटाळा यायचा, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दुखणाईत माणसावर माया असते तसा त्याच्या दुखण्याचा वीटही येतो. त्या दिवशी संकेश्वर मागे पडलं तरी मला रडू आलं नाही. नुसती झोप येत होती.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सदाशिव. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका फौंड्रीत त्यानं जन्मभर लाकडाचे पॅटर्न केले. ओतकामात वस्तूची लाकडी प्रतिकृती आधी करतात, तिचा ठसा वाळूत उठवतात आणि त्यात लोखंडाचा रस ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. नोकरी संपल्यावर माणसं देवळात बसतात, नातवंडं खेळवतात. यानं बोटी करायला घेतल्या. त्याही कोळ्यांच्या होड्या नव्हेत. परदेशातल्या तळ्यांवर जुन्या काळी श्रीमंत लोक हौसेनं पळवायचे त्या लाकडी मोटारबोटी, ज्यांना रनअबाउट म्हणतात. निमुळतं नाक, समोर काच, इवलंसं स्टिअरिंग, लाल गाद्या आणि तांबूस चकचकीत पाठीवर फळ्याफळ्यांच्या मधून गेलेल्या पांढऱ्या रेघा. गोव्याचा एक एजंट हॉटेलांच्या शोभेसाठी त्यांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती करून घ्यायचा. बोटी करणारा अण्णा मात्र आयुष्यात बोटीत बसला नाही. एकदा आम्ही त्याला किल्ल्याच्या तळ्यावर नेलं, तर हा काठावरच उभा. "लई हलतीया ती," म्हणाला आणि भेळ खाऊन परत आला.

पहिल्या बोटीची गंमत घरात अजून निघते. एजंट मापाची काचेची पेटी घेऊन आला आणि बोट काही पेटीत बसेना. हरभऱ्याच्या दाण्याएवढी जास्त भरत होती. अण्णानं आपल्या पट्टीनं मोजली, माप बरोबर. एजंटानं आपल्या टेपनं मोजली, माप जास्त. दोघंही आवाज चढवायला लागले आणि मध्येच अण्णा कपाळाला हात लावून खाली बसला. रस थंड होताना लोखंड आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरच्या खुणाच किंचित लांब लांब आखलेल्या असतात. सवयीनं त्यानं तीच पट्टी वापरली होती. "जन्मभर आकसणाऱ्या वस्तू केल्या की रं," तो एजंटाला म्हणाला, "ही आकसत न्हाय हे ध्यानातच आलं न्हाय." मग पेटीच नवी केली.

पुढं बोटी मापात यायला लागल्या, पण घराचं माप बिघडलं. घरात वार्निशाचा दिवस सुरू झाला. ओल्या वार्निशावर कण बसला की काम वाया जातं, म्हणून त्या दिवशी पंखे बंद, खिडक्या बंद, केर काढायचा नाही, अंथरूण झटकायचं नाही, मधल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खासबागेत मागच्या गल्लीला मागांची खडखड. तिथलं सूत वाऱ्यावर उडत घरात येतं, त्याची तर अण्णाला दहशतच. भर उन्हाळ्यात वहिनी स्वयंपाकघरात पदरानं वारा घेत बसायची. "सवत आणली असती तर बरं झालं असतं," म्हणायची, "तिच्याशी भांडता तरी आलं असतं." आधी हे ती हसून म्हणायची. अण्णाचा दम वाढला, पॉलिश पेपरची बारीक धूळ छातीत बसलीय असं डॉक्टर म्हणाले, धूळ आणि वार्निश दोन्ही सोडा म्हणाले, तेव्हा तिचं हसणं थांबलं. अण्णानं डॉक्टरांपुढं शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन हातात पॉलिश पेपर घेतला. त्याला किती समजवायचं... आम्ही दोघी थकून गेलो होतो.

या उन्हाळ्यात शेवटच्या बोटीवर वार्निशाचा शेवटचा हात मारायला तो बसला, त्या दिवशी मी तिथंच होते. मधल्या खोलीचं दार लावलेलं. आतून खोकला ऐकू येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला. वहिनी भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली, दार ढकललं, खिडकी सताड उघडली आणि पंखा लावला. अण्णा भिंतीला टेकून तोंडानं हवा ओढत होता. बाहेरून सूत आलं आणि बघता बघता बोटीच्या पाठीवर बसलं.

"काय केलंस हे..." तो म्हणाला.

"श्वास घ्या आधी. बोट मागनं बघू."

त्यानंतर बरेच दिवस तो वहिनीशी बोलला नाही. मी गेले की पाणीसुद्धा मलाच मागायचा. बोट घासून पुन्हा हात मारता आला असता, पण त्यानं तिला हातच लावला नाही आणि एजंटालाही बोलावलं नाही. वहिनीची भाकरी त्या दिवसांत करपायला लागली. पुढं पावसाळ्यात त्याला दवाखान्यात ठेवलं. आमच्या शेवटच्या भेटीत वहिनी औषधं आणायला खाली गेलेली असताना तो मला म्हणाला, "खिडकी मीच उघडणार होतो गं. हात पोचंना. तेवढ्यात ही आली."

"मग तिला सांग की हे."

"सांगतो. घरी गेल्यावर."

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, त्यांची शेवटची बोट मी नासवली. राग घेऊनच गेले काय हो?" मी तिला अण्णाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "घरी आल्यावर सांगणार होते व्हय..." एवढंच ती म्हणाली. मला त्या क्षणी अण्णाचा फार राग आला. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, पण आला.

गेल्या आठवड्यात मी तिथं असताना एजंटाचा फोन आला. वहिनीनं बोटीवरच्या सुताचं सांगितलं तरी बोट द्या, घासून वार्निश मारून घेतो, नवी होईल, असं म्हणत होता. वहिनीनं बोट मांडीवर घेतली होती. चकचकीत पाठीच्या आत अडकलेल्या सुताच्या धाग्यांवरून ती तर्जनी फिरवत होती.

"नको," ती त्याला म्हणाली, "घासायची न्हाय ती. त्या दिवशी त्यास्नी लागलेलं वारं हाय ते."