पानी सर्वास्नं, झारी मन्ही

“ओंजय खाले ले, भाऊ. आखो खाले.”

गाडी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर येत आणि स्टेशनचे ब्राह्मण पाणीवाले, आमचे महाराज, लांब तोटीची पितळी झारी घेऊन डब्यामागून डबे पाणी पाजत जात. उंचावरून पडणारी धार बरोबर ओंजळीत. एखादी म्हातारी गाडी सुटेल म्हणून उतरायला घाबरत असेल तर गार्डला दटावत, “थांब रे, पिऊ दे तिले.” तहानलेला माणूस त्यांनी कधी तसाच पुढे जाऊ दिला नाही. पण झारीला कोणाचा हात लागू दिला नाही. कोणी तांब्या पुढे केला, तर त्या तांब्यापासून झारी वीतभर वरच.

“पानी सर्वास्नं, झारी मन्ही,” असं ते हसत म्हणायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा राग धड येत नाही आणि प्रेमही धड करता येत नाही.

खांडबाऱ्याच्या बाजूच्या त्या लहानशा स्टेशनवर मी तिकीटबाबू म्हणून आलो, तेव्हा साठीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी नवापूर तालुक्यातल्या कोकणी आदिवासी घरातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे. पहिल्याच दिवशी तहान लागली म्हणून मी पेला पुढे केला. महाराजांनी माझं आडनाव विचारलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बाबू, वाका जरा.” इस्त्रीची पॅंट घालून, पोर्टर बघत असताना, मी वाकलो आणि ओंजळीनं पाणी प्यायलो. पाणी गार होतं. दुसऱ्या दिवशी मी घरून सुरई आणली.

तरी आमचं बरं जमलं. दुपारची गाडी गेली की ते माझ्या खिडकीशी येऊन बसत आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगत. त्यातच नव्या पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, बातमी आली. एका देशातून दुसऱ्या देशात पसरत ती आपल्याकडे आली होती, आणि तिचं नवल असं की जंतू पोटात घेऊन माणूस ठणठणीत हिंडे.

“म्हंजे आजारी नही, तरी आजारी?” महाराजांना त्याची गंमत वाटली. “कॉलेजवालास्ना रोग शे हाऊ.”

त्या पावसाळ्यात पटकी आमच्या भागात पोहोचली. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतला एक गॅंगमन दोन दिवसांत गेला. त्याची झोपडी फलाटाच्या टोकावरून दिसायची. मग सरकारी डॉक्टर आले. जे जे लोकांना अन्नपाणी देतात, फलाट झाडतात, त्या सगळ्यांची तपासणी, कोणाला काही होत असो वा नसो. तपासणी कशी, तर काडीला कापूस गुंडाळून मागच्या बाजूनं नमुना घ्यायचा.

महाराजांनी हे ऐकलं आणि पार्सलच्या खोलीबाहेर ठाण मांडलं. “मले काय जयं शे? घोडाना मायक चालस मी. आधी त्या झाडूवालीले तपासा.”

झाडूवाली आत जाऊन आलीसुद्धा होती.

चहावाला म्हणाला, “चला महाराज. आते देवले बी नमुना देनं पडस.”

सगळे हसले. महाराजांचं तोंड लाल झालं. स्टेशनमास्तरांनी समजूत घालायला मला पाठवलं. मी म्हणालो, “नुसतं नावाला आहे, महाराज. तुमच्यात काय निघणार?” माझ्या शब्दावर ते उठले. बाहेर आले तेव्हा कोणाकडे बघत नव्हते. विहिरीवर जाऊन अंघोळ करून आले आणि पुढच्या गाडीला झारी घेऊन उभे राहिले.

निकाल आला. चहावाला चांगला, झाडूवाली चांगली, गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूमचा स्वयंपाकी चांगला. जंतू फक्त महाराजांच्या पोटात.

“नाव चुकी गयं व्हई,” ते डॉक्टरांना म्हणाले. पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच.

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. खरं सांगायचं तर आधी मला आतून एक गुदगुली झाली होती, आणि तिचीच लाज वाटत होती.

गोळ्या संपून निकाल चांगला येईपर्यंत त्यांनी क्वार्टरमध्येच राहायचं ठरलं. त्यांच्या नात्यातलं कोणी भीतीनं फिरकेना. मी पाणी उकळून, गार करून घेऊन गेलो. पेला पुढे केला, तर ते दारातच उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ धरली.

“वरथीन वत, बाबू.”

“हातात घ्या, महाराज. डॉक्टर म्हणाले, पेला उकळला की झालं.”

“नको. तुले लागी जाई.”

मी वरून पाणी ओतलं. त्यांचं टक्कल, मानेवरून घसरलेलं जानवं, कोपरांवरून ओघळणारं पाणी, सगळं मला वरून दिसत होतं. वरून माणूस किती लहान दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “तू शिकेल शे, सांग. मन्हा हातनं पानी पीसन तो गॅंगमन मरना का?”

डॉक्टरांना मी तेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. त्याचा यांना लागला असेल, यांचा त्याला लागला असेल, किंवा दोघांना तिसऱ्याचा. मी तसंच सांगितलं. ते “हां” म्हणाले, पण त्या प्रश्नातून त्यांची सुटका झाली नाही.

निकाल चांगला आला त्याच दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. “त्या गॅंगमनना घरनी भाषा तुन्ही शे. चाल मन्हासंगे.” मी कोकणी बोलतो हे स्टेशनवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

गॅंगमनची बायको अंगणात भात पाखडत होती. महाराज मातीतच बसले आणि हात जोडून अहिराणीत बोलत राहिले: जंतू माझ्या पोटात होता, मला कळलं नाही, तुझा माणूस रोज माझ्या हातचं पाणी प्यायचा, दोष माझा असेल तर मला सांग. मी शब्द न शब्द आमच्या भाषेत सांगितला.

तिनं सूप खाली ठेवलं. जंतूचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं मलाच विचारलं. तिचं बोलणं मराठीत सांगायचं तर असं:

“पाणी सगळेच प्यायचे, भाऊ. तो दोन दिवस इथे पडला होता. इतकी वर्षं तुमचे रूळ सांभाळले त्यानं. इथून तुमचा फलाट दिसतो, फलाटावरून आमचं घर दिसत असेल. मग तुमच्यातलं कोणीच का आलं नाही?”

“काय म्हनी ऱ्हायनी ती?” महाराजांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. बाई पुन्हा भात पाखडू लागली. फोलपटं उडून त्यांच्या धोतरावर पडत होती, ती त्यांनी झटकली नाहीत.

“महाराज, गाडीची वेळ झाली,” मी म्हणालो.

“तू जाय.”

रुळांवर चढून मी मागे पाहिलं, तर ते तसेच बसले होते.

झारी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. स्टेशनमास्तरांनी दुसरं काम देऊ केलं, तेही घेतलं नाही. राजीनामा देऊन ते नंदुरबारजवळ धानोऱ्याकडे, आपल्या गावी गेले. पुढे चहावाल्यानं बातमी आणली की महाराज अंथरुणाला खिळलेत. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. “एकदा जाऊन आलं पाहिजे,” स्टेशनमास्तर म्हणाले. “हो, गेलंच पाहिजे,” मी म्हणालो. आम्हाला रेल्वेचा पास होता आणि नंदुरबारची गाडी रोज आमच्यासमोर उभी राहत होती. आमच्यातलं कोणी गेलं नाही.