जीपचं छत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपचं छत शिवणं. ताडपत्रीचा वास मला अजून सोसत नाही. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बैलजोडी विकून मी लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेतली होती. मागून कापून लांब केली, दोन्ही बाजूंना बसायला सागाच्या फळ्या ठोकल्या, वर लोखंडी कमानी लावल्या. पहाडातली माणसं तळोद्याच्या बाजाराला आणायची, त्यावरच आता पोट होतं. दाभणानं टाके घालता घालता बायको म्हणाली, "लोके बैलले झूल शिवतस, मी जीपले शिवी ऱ्हायनी." दोघंही हसलो. दुपारी ती सरपणाला गेली आणि तिला साप चावला. मागे आईच्या मांडीवर तिचं डोकं ठेवलं आणि जीप दवाखान्याकडे पळवली. वाटेतच ती गेली. आई मला भाऊच म्हणायची. ती रडत म्हणाली, "भाऊ, बैलगाडी पाह्य. जीपमा मढं नेवावर तिन्हामा कोणी बसाव नई." आईचं खरं होतं, आमच्याकडे अशी गाडी लोक टाळतात. मी म्हणालो, "नई बसनात तर नई. मी तिले दुसरानी गाडीवर टाकाव नई." त्याच जीपमधून तिला घरी आणलं. संध्याकाळी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद जीप धुवायला घागरी घेऊन आले, मी हात लावू दिला नाही. बाजाराचा दिवस होता. पहाडाच्या पायथ्याशी जाऊन मी जीप उभी केली. बातमी माझ्या आधीच तिथे पोचली होती. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन बाजूनं चालत गेली, कोणी बसलं नाही. मी रिकामी जीप बाजारापर्यंत नेली.