म्हात्रे सर आणि मस्कतहून येणारी चाल

तंत्रनिकेतनातल्या पहिल्याच आठवड्यात सोल्डरिंग करताना मी अख्खा बोर्ड जाळला. म्हात्रे सर रागावले नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसले आणि जळका भाग माझ्याच हाताने दुरुस्त करून घेतला. त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे अलिबागच्या त्याच विभागात त्यांची सहकारीही झाले.

सर यंदा पंच्याहत्तरीत आले. त्यांच्या एकाच कामाविषयी लिहिते, कारण त्यात सर पुरते दिसतात.

आगरदांड्याचे इस्माईलभाई सरांचे बालमित्र. दिघीच्या फेरीबोटीचे इंजिन ते सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी सरांच्या ओटीवर बुद्धिबळ खेळायला येत. नोकरी संपली, पत्नी गेली, हाताला कंप सुरू झाला. तेव्हा मुलाने त्यांना मस्कतला नेले. सरांनी खेळायला दुसरा जोडीदार शोधला नाही. संध्याकाळी पट मांडत आणि तसाच आवरून ठेवत.

निवृत्तीनंतर सरांनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन एक यांत्रिक हात बांधला. मोटारी जुन्या प्रिंटरच्या, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा. वरचा कॅमेरा पट पाही, संगणक चाल ठरवी, हात सोंगटी उचलून ठेवी. त्याने पहिल्याच पूर्ण डावात सरांवर मात केली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. सर मात्र पटाकडे बघत राहिले.

"उत्तम खेळतो," ते म्हणाले. "पण समोर कोणी नाही गं."

मग त्यांनी चाल ठरवण्याचे काम संगणकाकडून काढून घ्यायला सांगितले. आता मस्कतहून इस्माईलभाई फोनवर चाल बोलतात आणि इथे यंत्र ती खेळते. मोबाईलच्या पडद्यावर दोघांना खेळता आले असतेच. पण सरांना लाकडी पटावर मित्राचा घोडा टेकलेला ऐकायचा होता.

इस्माईलभाईंबरोबरच्या पहिल्या डावात यंत्राचा एक सांधा सैल राहिला होता. प्यादे उचलताना यंत्राचा हात थरथरू लागला. मी ओशाळून पाना घेऊन उठले. व्हिडिओ कॉलवरून बघणारे इस्माईलभाई म्हणाले, "राहू दे पोरी. माझा हात आता असाच हाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो सांधा आम्ही आजवर घट्ट केलेला नाही.

शाळांतली मुले यंत्र पाहायला येतात. सर त्यांना ते उघडून हाताळू देतात. काही मोडले तर दुरुस्तीलाही त्यांनाच बसवतात. यंत्र जिंकते की माणूस, असे कोणी विचारले, की सर आधी इस्माईलभाईंबद्दल सांगतात.

डॉक्टरांनी आता इस्माईलभाईंना विमानप्रवास मना केला आहे. ते परततील ही आशा सरांनी कधी बोलून दाखवली नव्हती. ती मावळल्याचेही बोलले नाहीत. सरळ पासपोर्ट काढला. थंडीत ते मस्कतला निघतील. यंत्र सुटे करून पेटीत भरून देऊ का, असे मी विचारले.

"नको," सर म्हणाले. "तिथं त्याचाच हात आहे."

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि इस्माईलभाईंनाही, अगदी तेवढेच.