उधन्याची हवा गावी जाते तेव्हा

हवेत तरंगणारे बारीक कण मोजायची नोकरी असली की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. आम्ही हवा ओढायला यंत्र लावतो आणि माणसं आपणहून येऊन बोलायला लागतात. "बेन, शुं चाले छे?" इथून सुरुवात होते आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत एक किस्सा तयार! पेपर छापून यायला आम्हाला वर्षं लागतात, किस्सा मात्र जागच्या जागी पिकतो. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये पेपरांपेक्षा किस्से जास्त आहेत.

लॅब म्हणजे आम्ही तिघं. पारेखसर आमचे प्रमुख. निमिषा आमची पीएचडीची विद्यार्थिनी, अस्सल सुरती, सकाळी लोचो खाल्ल्याशिवाय तिचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही. आणि तिसरी मी, वैशाली, सुरतेच्याच गोडादऱ्यात वाढलेली. आप्पा खानदेशातून सुरतेला आले आणि कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये लागले, ते अजून तिथंच आहेत. मिलचे बॉयलर जो धूर सोडतात, त्याचे कण मी मोजते. पारेखसर म्हणतात, "वैशालीचं संशोधन म्हणजे घरचाच धंदा!"

* * *

आमचं स्टेशन उधन्यात, सुरतेच्या मिलच्या भागात, एका सोसायटीच्या गच्चीवर आहे. स्टेशन म्हणजे एक कपाट, त्यात यंत्र, आणि वर एका नळीवर उपडा भोंगा. भोंग्यातून हवा आत येते, यंत्र त्यातले कण मोजतं आणि उरलेली हवा मागच्या बाजूने बाहेर सोडतं. एवढं साधं काम, पण सोसायटीचे चेअरमन जयंतीभाई दोन दिवस त्याच्याभोवती फेऱ्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठलं. "बेन, आ मशीन आखो दिवस हवा खेंचे छे, तो अमारे माटे रहेशे के नहीं?"

मी त्यांना समजावलं, की काका, काळजी करू नका, जेवढी खेचते तेवढी परत सोडते.

जयंतीभाईंनी विचार केला. "तो पछी खेंचवानी शुं जरूर?"

मग खेचायचीच कशाला, म्हणे!

* * *

नातेवाइकांना आमचं काम सांगणं हा वेगळाच विषय. एका लग्नात अमळनेरच्या काकांनी चारचौघांत विचारलं, "वैशू, यंदा पाऊस कसा?"

"काका, मी पावसाचं नाही बघत. हवेतले कण बघते. धूर, धूळ, मीठ."

"कुठली हवा?"

"सगळ्या जगाची." मी जरा ताठ होऊनच सांगितलं.

काका शेजारच्याकडे वळले आणि म्हणाले, "सगळं जग हिच्याकडे आहे, पण आपल्या तालुक्याचं विचारलं की नाही म्हणते!"

* * *

आता जगाची हवा म्हणजे काय, ते सांगते. आमचं मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये मांडलेली अख्खी पृथ्वी. तिचे चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनातून कधी किती धूर निघतो ते सांगायचं, आणि वारा तो कुठे नेतो ते कॉम्प्युटरने काढायचं. कधी किती धूर, हे सांगणारं वेळापत्रक आम्हाला तयार मिळालं होतं. लांबच्या कुणीतरी, त्यांच्याकडच्या सवयीने बनवलेलं.

निमिषाने ते उघडून पाहिलं आणि ओरडली, "ताई, आपल्या उधन्याला शनिवार-रविवार सुट्टी आहे! आणि नाताळात पूर्ण आठवडा!"

उधन्यात नाताळाचा आठवडा सुट्टी! लग्नसराईच्या साड्यांच्या ऑर्डरी सुरू असताना इथं बॉयलर थंड करायचं नाव काढलं तर शेठ चक्कर येऊन पडेल. आणि दिवाळीला? दिवाळीला वेळापत्रकात काहीच नाही. सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरांत उधन्याची मिल लक्ष्मीपूजनालाही धूर सोडत होती.

मी हे शनिवार-रविवारच्या सुट्टीचं घरी जेवताना सांगितलं. आप्पांनी घास खाली ठेवला. "तुना मॉडेलना शेठ कोन शे? मी तठे कामले लागस!"

* * *

इथपर्यंत हसणं होतं. मग इंग्रिडची मेल आली.

जगभरच्या अशा स्टेशनांचे आकडे एका ठिकाणी तपासले जातात आणि चांगले आकडे सगळ्या शास्त्रज्ञांना वापरायला मिळतात. ते तपासणारी बाई म्हणजे इंग्रिड. कडक, पण कामाला एकदम चोख. तिने लिहिलं होतं, की दिवाळीनंतर हवा थंड आणि संथ असते, तुमच्या आसपासच्या सगळ्या शहरांत कण वाढतात, तुमचे मात्र सलग दोन वर्षं कोसळले आहेत. अर्थ एकच, तुमचं यंत्र बिघडतं. यंदाही असंच झालं आणि पुरावा नसला, तर स्टेशन यादीतून काढावं लागेल.

स्टेशन गेलं तर निमिषाची पीएचडीच बुडत होती, तिचं सगळं काम त्या आकड्यांवर उभं होतं. आणि हे स्टेशन उभं करायची माझी दहा वर्षांची धडपड खोटी ठरत होती.

आम्हाला कारण माहीत होतं. दिवाळी झाली की कामगार गावी जातात आणि मिल बंद पडतात, हे सुरतेत शेंबडं पोरही सांगेल. पण इंग्रिडचा शेवटचा प्रश्न असा होता: "त्या दिवसांत यंत्र नीट चाललं होतं, हे प्रत्यक्ष पाहणारं कुणी आहे का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पारेखसर दीवला होते. निमिषा मामाकडे होती. मी खानदेशात होते.

पारेखसर म्हणाले, "लिहून टाक, साक्षीदारही गावी गेले होते."

* * *

मग ठरलं, यंदा दिवाळीला थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, तर काय होणार ते दिवाळीच्या आधीच मॉडेलमधून काढून इंग्रिडला पाठवायचं. म्हणजे नंतर बोलायला जागा नको.

मॉडेलमधल्या मिल कधी बंद करायच्या यावर एकमत होतं. परत कधी सुरू करायच्या यावर लॅबमध्ये जोरदार भांडण झालं! निमिषा म्हणे लाभपंचमीला, म्हणजे पाडव्यापासून पाचव्या दिवशी. तिच्या पप्पांचं दुकान लाभपंचमीला उघडतं, म्हणजे सुरत उघडली.

मी म्हटलं, "अगं, लाभपंचमीला शेठ पूजा करतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. बॉयलर कोण पेटवणार? बॉयलर पेटवणारा अजून तुळशीचं लग्न लावतोय!"

"म्हणजे मॉडेलमध्ये तुळशीचं लग्न घालायचं?"

"घालायचं!"

पारेखसरांनी डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "घाला. पण पेपरमध्ये नाव दुसरं द्या."

आम्ही अंदाज पाठवला. इंग्रिडचं उत्तर आलं, "मीच येते."

घरी मी भाऊबीजेला गावी येत नाही म्हटल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, "भाऊले सोडीसन भोंग्याले ओवाळ मंग!"

मला फार वाईट वाटलं. पण भोंग्यापाशी एक पणती लावली, हे खरं.

* * *

इंग्रिड आली ती स्वतःचं यंत्र घेऊन, बॅगेत स्वेटरांमध्ये गुंडाळलेलं. सुरतेत तिला स्वेटरचा तेवढाच उपयोग झाला. तिने ते आमच्या यंत्राशेजारी लावलं. जयंतीभाईंनी दोन यंत्रं पाहिली आणि आपल्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या.

फटाक्यांचा धूर विरला आणि दोन्ही यंत्रांचे आकडे हातात हात घालून खाली आले. निमिषा गच्चीवर नाचायलाच लागली. इंग्रिड मात्र शांत. "यंत्र ठीक आहे. पण समुद्र जवळ आहे. कदाचित समुद्रावरच्या स्वच्छ वाऱ्याने आकडे उतरले असतील. माणसं परत आल्यावर ते चढले, आणि वारा तोच राहिला, तर मानेन."

लाभपंचमी आली. शेठ लोकांनी पूजा केली, आम्हाला पेढे दिले. आकडे हलले नाहीत. इथवर अंदाज बरोबर होता. आमच्या अंदाजात चढ तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारपासून होता आणि इंग्रिडचं विमान त्याच गुरुवारी. सोमवारी सकाळी मिलच्या चिमण्या थंडगारच. दुपारी मी घाबरून आप्पांना फोन लावला, की तुम्ही सगळे आहात कुठे?

"आत्ते कसं येवानं? आज मळामा भरीतनी पार्टी शे," आप्पा म्हणाले. मागे चांगला शंभरेक माणसांचा गलका होता. "त्या मडमले सांग, रातनी गाडीमा बसतस आम्ही."

सगळं जग ज्या चढाची वाट बघतंय, तो मळ्यात पंगतीला बसला होता! मी फोन ठेवला. इंग्रिडने विचारलं, "काय झालं?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "ते वांगी भाजतायत."

"कशावर?"

"कपाशीच्या काड्यांवर."

इंग्रिडचा चेहरा एकदम गंभीर झाला. तिने पेन काढलं. "तो धूर तुमच्या मॉडेलमध्ये घेतलाय का?"

* * *

मंगळवारी सकाळी आम्ही इंग्रिडला उधना रेल्वे स्टेशनवर नेलं. गाडी आली आणि फलाट भरून गेला. डोक्यावर गाठोडी, हातात कळण्याच्या पिठाच्या पिशव्या, कडेवर पेंगुळलेली पोरं. त्यात आप्पा आणि आई. आप्पांनी इंग्रिडला वाकून नमस्कार केला आणि तिच्या हातात भरिताचा डबा दिला. "सॅम्पल," ते म्हणाले. हा एक शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता.

आप्पा घरी आंघोळ करून थेट मिलवर गेले. दुपारपर्यंत गच्चीवरून पहिली चिमणी धुरकटलेली दिसली, मग दुसरी. पडद्यावर आमची रेघ उठली, तिच्यामागे इंग्रिडच्या यंत्राची उठली. बुधवारी दोन्ही रेघा आमच्या अंदाजाच्या रेघेवर जाऊन बसल्या, एक दिवस उशिरा, आणि तो दिवसही वांग्यांचा. बाकी जगाची मॉडेलं वर बसून राहिली होती, त्यांना काही घडल्याचं कळलंच नव्हतं.

इंग्रिडने वाऱ्याची दिशा पुनःपुन्हा तपासली. वारा सगळे दिवस जमिनीवरूनच येत होता. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "वैशाली, तुझं यंत्र कधीच बिघडलं नव्हतं."

मी रडले, निमिषा रडली. पारेखसर आम्हाला गप्प करता करता स्वतःच नाक पुसायला लागले. मिल सुरू झाल्या, धूर वाढला, उधन्याची हवा बिघडली, आणि गच्चीवर आम्ही चौघं मिठाई वाटत होतो! जयंतीभाईंनी पेढा घेतला, चिमण्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "बेन, आमां खुशी शेनी छे?" यात आनंद कसला, ते त्यांना काही केल्या कळेना.

* * *

आता शेवटचा किस्सा सांगते. 

काही महिन्यांनी सगळ्या स्टेशनांची ऑनलाइन सभा झाली. पडदा भरून माणसं, प्रत्येकाच्या मागे वेगळा देश. इंग्रिडने आमच्या रेघा दाखवल्या, आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग तिने एक यादी उघडली. आकडे अचानक बदलले तर कोणती कारणं खरी मानायची, त्याची ती यादी. ज्वालामुखी. वाळूचं वादळ. वणवा.

"आजपासून चौथं," इंग्रिड म्हणाली. तिने नवी ओळ दाखवली आणि आमच्याकडून शिकलेला उच्चार जपून केला, "गा-वी गे-ले." मग सगळ्यांना अर्थ सांगितला, की मोठ्या सणाला कामगार आपापल्या गावी जातात आणि हवा स्वच्छ होते. यंत्र बिघडलेलं नसतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निमिषाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

टाळ्या थांबल्या तरी एका चौकोनातला हात वरच होता. इंडोनेशियातल्या कुठल्याशा गिरणीगावचे एक वयस्क गृहस्थ होते, मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. इंग्रिडने त्यांना बोलायला सांगितलं.

"आमच्याकडे ईदला जातात," ते म्हणाले. "सगळे. तुम्ही आमचं स्टेशन बंद केलंत, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली."

इंग्रिड काढून टाकलेल्या जुन्या स्टेशनांची यादी शोधायला लागली. 

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "यंत्र मी पुसून डब्यात ठेवलंय. काढू का बाहेर?"